ज्यांच्या हातात मार्क नाहीत अशी माणसं शाळेत राहू द्या : शाळेच्या कार्यकारिणीस खुले पत्र

सन्माननीय अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,
सादर नमस्कार.

नवं सत्र सुरू व्हायच्या आधी आपण पालकांच्या ग्रुपवर दोन पानी परिपत्रक टाकलंत. त्यात चार निर्णय आहेत. काउन्सलर मॅडमचं पद ‘तूर्त’ बंद. सहावीपासून पुढे चित्रकला, संगीत आणि खेळ मिळून आठवड्याला एकच ‘ॲक्टिव्हिटी’ तास. वाचनालयाच्या खोलीत एका कोचिंग संस्थेचा फाउंडेशन वर्ग, म्हणजे प्रवेश परीक्षांची आधीपासूनची तयारी, आठवीपासून, शाळेच्या वेळात. आणि चाचणीच्या मार्कांवरून नव्या तुकड्या. शेवटची ओळ अशी, की पाल्यांच्या उज्ज्वल भवितव्यासाठी पालकांचे सहकार्य अपेक्षित आहे.

मी लेखी अर्ज दिला, पोच घेतली. उत्तर आलं नाही. मुख्याध्यापिका बाईंना भेटले तर त्या म्हणाल्या, निर्णय वरून आलाय. वरून म्हणजे आपल्याकडून. म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे, आणि उघड लिहिते आहे, कारण हा माझ्या एकटीच्या पोराचा प्रश्न नाही आणि इंदुरात या वाटेला लागलेली आपली एकच शाळा नाही. शाळेचं नाव मी घेत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. बाकीच्यांनी आपापल्या शाळेचं नाव मनातल्या मनात घालून वाचावं, बहुतेक मजकूर तसाच लागू पडेल.

आधी माझी ओळख. माझी आई या शाळेत शिकली तेव्हा माध्यम मराठी होतं, मी शिकले तेव्हा हिंदी झालं होतं, आणि माझा मुलगा आता नववीत इंग्रजीत शिकतो आहे. आपल्यापैकी निम्म्या लोकांना मी काका-काकू म्हणते, गणपतीत आपण एकाच मांडवात आरतीला उभे असतो. तेव्हा कुणी परकी बाई शाळेवर चिखल उडवते आहे असं कृपा करून समजू नका. सुदामा नगरच्या बाजूला आमचं मेडिकल आहे. फार्मसी शिकले, तिथेच काउंटरवर बसते.

त्या काउंटरवरून शहर जरा वेगळं दिसतं. फेब्रुवारी लागला की आया ‘मेमरीचं सिरप’ मागायला येतात. याने पाठांतर वाढत नाही, हे मी सांगते, तरी बाटली घेऊन जातात, कारण शेजारच्या मुलाला चालू केलंय. मुलं येतात ती झोप उडवायची गोळी विचारत. मी देत नाही. मग तीच मुलं पलीकडच्या दुकानातून एनर्जी ड्रिंकचा कॅन घेऊन जाताना काचेतून दिसतात. आणि एक रजिस्टर असतं आमच्याकडे. चिंता-घबराटीवर देतात त्या अल्प्राझोलामसारखी, शेड्यूल एच-वन या कडक नियमांच्या यादीतली औषधं विकली की त्यात नोंद करावी लागते: डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं. तीन वर्षं ते जपून ठेवावं लागतं. सासऱ्यांच्या काळात त्यात आजी-आजोबांची आणि धंद्यात बुडालेल्या पन्नाशीतल्या माणसांची नावं असायची. आता चिठ्ठीवर सतरा, अठरा असं वय दिसतं. चिठ्ठी डॉक्टरांची असते, औषध गरजेचंच असेल, त्यात बोलणारी मी कोण? पण मागे एकदा चिठ्ठी घेऊन आलेल्या मुलीच्या खिशावर आपल्या शाळेचा बिल्ला होता. याहून जास्त सांगणार नाही. दुकानदारालाही काही गोष्टी पोटात ठेवाव्या लागतात.

आता एकेका निर्णयाबद्दल बोलते.

काउन्सलर मॅडमची खोली आपल्यापैकी किती जणांनी आतून पाहिली आहे? जिन्याखालची, एका खिडकीची. तिथे टेबलाच्या कडेला स्क्रूने बसवलेलं, दांडा फिरवून पेन्सिलला टोक करायचं यंत्र होतं. अख्ख्या मजल्यावर तसं दुसरं नव्हतं. मुलं ‘टोक करायला’ म्हणून जायची. सातवी-आठवीतलं पोर ‘मला बोलायचंय’ असं म्हणून कुणाच्या दारात उभं राहत नाही, त्याला निमित्त लागतं. मॅडम स्वतः दांडा फिरवत नसत, मुलालाच फिरवू देत, आणि तेवढ्या वेळात जे बाहेर यायचं ते यायचं. नववी-दहावीची मुलं सगळं पेननं लिहितात, तरी त्यांच्या कंपासपेटीत पेन्सिली असायच्या. हे मला माझ्या मुलानं सांगितलं. तोही त्यातलाच.

आठवीत त्याचं पोट दुखायला लागलं. दर सोमवारी. आधी पोटाचे डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल. गॅसची औषधं तर घरचीच. सोमवार आणि पोट यांची सांगड शेवटी मॅडमनी घातली: सोमवारी गणिताच्या चाचणीचे मार्क वर्गात मोठ्यानं वाचले जात, वरून खाली, आणि शेवटची पाच-सहा नावं आली की मागच्या बाकांवरून टाळ्या पडत. मॅडम गणिताच्या सरांशी बोलल्या. सर भले, त्यांनी वाचणं थांबवलं, पेपर हातात द्यायला लागले. दिवाळीपर्यंत पोटदुखी गेली. मार्क काही लगेच वाढले नाहीत. पण सोमवारी पोरगं उठून पोहे खाऊन व्हॅनमध्ये बसायला लागलं.

पालकसभेत आपल्यातल्या एका सदस्यांनी विचारलं होतं, काउन्सलरचा रिझल्ट काय? माझ्या घरापुरता रिझल्ट वर लिहिला आहे. बाकीच्या घरांतले आपल्याला कळणार नाहीत, कारण ते कुणाला न सांगणं हेच त्या खोलीचं काम होतं.

आणि तिथेच माझी दुसरी तक्रार आहे. पद बंद होण्याआधी मॅडमकडे त्यांची नोंदवही मागितली गेली, कोणतं मूल काय बोललं ते कार्यालयाला पाहायचं होतं. त्यांनी दिली नाही. पद गेलं ते यामुळेच असं मी म्हणत नाही, माझ्याकडे पुरावा नाही. पण वही मागणं चूक होतं एवढं ठामपणे म्हणते. मुलाच्या जिवाला धोका दिसत असेल तर काउन्सलरनं घरच्यांना सांगायचंच असतं. लैंगिक अत्याचार असेल तर २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारकच आहे. या दोन गोष्टी सोडून बाकीचं, म्हणजे घरातली भांडणं, मैत्रिणीनं तोडलेलं बोलणं, नापास होण्याची भीती, हे शाळेच्या फायलीत जाण्याचं कारण नाही. आपलं बोलणं ऑफिसात वाचलं जातं हे एका मुलाला कळलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या शाळेला कळतं, आणि मग त्या खोलीत कुणी फिरकत नाही.

‘एवढी काय गरज आहे’ असं वाटत असेल तर हिशेब करून पाहू. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळला. आपल्या पंचेचाळीसच्या वर्गात ही तीन मुलं होतात. दर वर्गात तीन. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठेपणी दिसणाऱ्या मानसिक आजारांपैकी निम्म्यांची सुरुवात १४ वर्षांच्या आतच झालेली असते आणि त्यातली बहुतेक मुलं कुणाच्या लक्षातही येत नाहीत. म्हणजे जी वर्षं घरापेक्षा शाळेत जास्त जातात, तीच ही वर्षं. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२च्या अहवालात देशभरातल्या १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत, आणि आपला मध्य प्रदेश त्या यादीत पहिल्या तीन राज्यांत आहे. हाच मध्य प्रदेश २०१६ साली आनंदासाठी वेगळा विभाग काढणारा देशातला पहिला. सरकारी पाट्यांवर आनंद भरपूर आहे, जिन्याखालच्या एका खोलीचा पगार तेवढा परवडत नाही.

पैशांचा मुद्दा आपण मांडाल, म्हणून कायद्याचंही सांगते. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूनंतर तिचे वडील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २५ जुलै २०२५ रोजी न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांनी त्या प्रकरणात देशातल्या सगळ्या शाळा, कॉलेजं, कोचिंग आणि वसतिगृहांसाठी १५ निर्देश दिले, आणि कायदा होईपर्यंत ते बंधनकारक राहतील असं म्हटलं. १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत मुलांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असलाच पाहिजे, हा त्यातलाच एक निर्देश. आपल्या शाळेत १०० मुलं तर फक्त सहावीत आहेत. इतर शाळांना आता हे पद भरावं लागतंय आणि आपण भरलेलं पद रिकामं केलंत. ही काटकसर कुणाच्या सल्ल्यानं झाली हे जाणून घ्यायला मला आवडेल.

तुकड्यांकडे येते. नावं फार गोड दिली आहेत, ‘स्टार’, ‘शाइन’ आणि ‘राइज’. मुलांना पहिल्याच दिवशी कळलं की राइज म्हणजे ढ. आपलं शहर २०१७पासून स्वच्छतेत देशात पहिलं येत राहिलं ते ओला आणि सुका कचरा वेगळा करायला शिकलं म्हणून. तो धडा मुलांना लावायचा नव्हता. सर्वोच्च न्यायालयाच्या त्याच निर्देशांत आहे की मार्कांवरून मुलांच्या तुकड्या पाडणं, चारचौघांत अपमान करणं, झेपणार नाहीत अशी लक्ष्यं देणं हे शक्यतो टाळावं. आणि सहावी ते आठवीच्या मुलांसाठी तर शिक्षण हक्क कायद्याचं १७वं कलम आधीपासून आहे: शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी. आता महिन्याच्या चाचणीची यादी नावानिशी पालकांच्या ग्रुपवर येते. खालच्या दहा नावांना लाल रंग असतो. यादी आल्यावर दोन मिनिटांत वरच्या मुलांच्या घरून पेढ्यांची चित्रं पडतात, आणि लाल नावांच्या घरी त्या संध्याकाळी काय होतं ते मी इथे लिहायला नको.

राइजमधल्या मुलांना जास्त मदत मिळावी म्हणून ही रचना केली, असं आपलं म्हणणं ऐकलं. मग वेळापत्रक पाहावं. विज्ञानाच्या सगळ्यात अनुभवी बाई स्टारला दिल्या आहेत. राइजला ज्या नव्या बाई आल्या त्यांची नेमणूक कंत्राटी आहे, आणि बिचाऱ्या दोन महिन्यांत सोडूनही जातील.

चित्रकला, खेळ, वाचनालय. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण परिपत्रकात हे सगळं एका ओळीत उरकलं आहे.

परिपत्रकानं कात्री लावली ती माणसं कोण आहेत? काउन्सलर मॅडम, चित्रकलेचे सर, खेळाचे सर आणि वाचनालयातल्या ताई. या चौघांत एक गोष्ट सारखी आहे: यांच्यापैकी कुणाच्याही हातात मार्क नाहीत. सकाळी सातपासून पोराच्या आजूबाजूला जे जे मोठं माणूस आहे ते त्याचं मोजमाप घेत असतं. गणिताचे सर, विज्ञानाच्या बाई, ट्यूशनचे भैया, आणि घरी आम्ही आई-बाप, ज्यांचा दारातला पहिला प्रश्न असतो, पेपर मिळाला का? या सगळ्यांवर मुलाचं प्रेम असतं, पण यांच्यापाशी ते मोकळं होत नाही. ज्याच्याकडून मोजले जातो त्याच्यापाशी आपण मोठी माणसं तरी कुठे मोकळे होतो? शाळेत चार माणसं अशी होती, त्यांच्यापाशी पोर नुसतं पोर असायचं. त्या चौघांनाही आपण एका सर्क्युलरमध्ये गुंडाळलंत. दोघांना उरला आठवड्याचा एक तास, ताईंना कोचिंगची हजेरी घ्यायचं काम, आणि मॅडमना घरचा रस्ता.

चित्रकलेचा तास कमी करणारी शाळा इंदुरात असावी याचं मला विशेष वाईट वाटतं. १९२७ साली देवळालीकरांनी इथे कलाशाळा काढली, चित्रकार ना. श्री. बेंद्रे आणि डी. जे. जोशी तिथे शिकले. विष्णू चिंचाळकर गुरुजी याच शहरात राहून पानं, साली, डबे, तुटकी खेळणी यांतून चित्रं उभी करत आणि मुलांना करायला लावत. त्यांच्याजवळ काय चूक, काय बरोबर असा पेपरच नसे. हॉलमध्ये आपण शहराच्या थोर मंडळींचे फोटो लावले आहेत, स्नेहसंमेलनात भाषणांतून नावं घेता. त्यांनी जे केलं त्याला आता आठवड्याची पस्तीस मिनिटं, तीही संगीत आणि खेळासोबत वाटून. सहावीतल्या एका मुलीनं मला दुकानात विचारलं, काकू, या तासात चित्र काढायचं की पळायचं?

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात हेही लिहिलेलं आहे. सहावी ते आठवीत १०० पेक्षा जास्त मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी वेगळे अंशकालीन शिक्षक हवेत. शाळेला मैदान हवं. आणि वाचनालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकंसुद्धा हवीत. गोष्टींची पुस्तकं हे कायद्यातलेच शब्द आहेत, माझे नाहीत. सध्या ती कपाटं भिंतीकडे तोंड करून जिन्यात ठेवली आहेत, कारण आत बाकं लावायची होती. वाढत्या वयाच्या मुलाला रोज साधारण तासभर तरी दमवणारी हालचाल हवी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या पिढीला हे कुणी सांगायची गरज नव्हती, आम्ही चिमणबागेच्या मैदानावरून अंधार पडला तरी घरी येत नव्हतो. आताचं पोर व्हॅनमधून शाळेत, शाळेतून कोचिंगला, तिथून मोबाइलवर. त्याचं मैदान म्हणजे शाळेतला तो तास होता.

फाउंडेशन वर्गाबद्दल थोडक्यात. केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं जानेवारी २०२४मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात १६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये, दहावीनंतरच द्यावा, असं आहे. शाळेच्या वेळात कोचिंगचे वर्ग भरवू नयेत असंही आहे. आपण आठवीतली, तेरा वर्षांची पोरं घेतलीत, शाळेच्याच वेळात आणि शाळेच्याच वाचनालयात. वर फी वेगळी. आणि जे पालक ती भरत नाहीत त्यांची मुलं तेवढा वेळ वर्गात ‘सेल्फ स्टडी’ करतात, म्हणजे बसून राहतात. भंवरकुआच्या कोचिंग वस्तीतल्या खोल्यांमधून खरगोन, बडवानी, धारची मुलं कशी राहतात, काय खातात, किती झोपतात हे मेडिकलवाल्यांना चांगलं माहीत आहे. ती मुलं निदान सतरा-अठराची असतात आणि स्वतः ठरवून आलेली असतात. ते दिवस चार वर्षं अलीकडे ओढून घरातल्या लेकरांना कशाला द्यायचे?

त्यातून फाउंडेशनसाठी शाळा सकाळी सातऐवजी साडेसहाला केली आहे. किशोरवयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोप उशिरा लागते, आणि तरी आठ ते दहा तास हवीच असते. पोर रात्री अकराला झोपलं आणि साडेपाचला उठवलं तर हिशेब आपणच करावा. ही मुलं आळशी नाहीत, अर्धवट झोपलेली आहेत. आणि तीच मुलं पुढे माझ्या काउंटरवर गोळी विचारायला येतात.

आता आपल्या बाजूचं. शाळेपुढच्या अडचणी मला दिसत नाहीत असं नाही. बायपासला मोठमोठ्या शाळा निघाल्या, आपली पटसंख्या घसरली, इमारत जुनी, ग्रॅच्युइटीचे दावे उभे आहेत. पालक चौकशीला आले की पहिला प्रश्न विचारतात, फाउंडेशन आहे का? नाही म्हटलं की उठून जातात. ‘हे पालकांनाच हवंय’ या आपल्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि आम्हा पालकांना यातून मोकळं सुटता येणार नाही. पण पालक मेमरीचं सिरपही मागतात. काउंटरवर बसलेल्यानं ते पुढे करायचं की समजावून सांगायचं, हे त्याच्या शिक्षणावर अवलंबून असतं. आपण शाळा चालवता.

एका ज्येष्ठ काकांनी मला रस्त्यात थांबवून सांगितलं, आमच्या वेळी कुठे होते काउन्सलर, झालोच ना मोठे? झालात, खरं आहे. रामबागेतल्या वाड्यात आजी होती, शेजारची मावशी होती, चार चुलत भावंडं होती. घरात मार खाल्ला तर दुसऱ्या घरात जेवायला मिळायचं. ती सगळी बिनपगारी काउन्सलर मंडळी आता नाहीत, फ्लॅटमध्ये तिघं असतात आणि दोघं कामावर. आणि काका, त्या काळातही सगळी मुलं धड मोठी झाली नाहीत. आपल्याच वर्गातलं एखादं नाव आपल्याला आठवेल. त्याबद्दल घरात बोलायची पद्धत नव्हती, एवढंच.

शिक्षकांबद्दल माझी तक्रार नाही. गणिताच्या सरांनी एका शब्दावर वाचन थांबवलं, हे मी वर लिहिलंच आहे. त्यांना कुणी कधी शिकवलंच नव्हतं की मूल अचानक गप्प झालं, डबा परत आणायला लागलं, हात झाकायला लागलं, तर काय समजायचं आणि कुणाकडे न्यायचं. न्यायालयानं हे प्रशिक्षण वर्षातून दोनदा, शिक्षक आणि शिक्षकेतर सगळ्यांना द्यायला सांगितलं आहे. शिक्षकेतर हा शब्द महत्त्वाचा. व्हॅनवाले भैया आणि पाणी देणाऱ्या मावशी यांना पोराचं उतरलेलं तोंड कधी कधी आपल्या सगळ्यांच्या आधी दिसतं.

तेव्हा माझ्या मागण्या अशा:

काउन्सलरचं पद पुन्हा भरा, पूर्णवेळ, पात्रता असलेल्या माणसानं. त्याच मॅडम आल्या तर उत्तम, पण आग्रह पदाचा आहे. खोली बंद दाराची असावी आणि नोंदी कुणी पाहायच्या, कुणी नाही, याचा लेखी नियम करून तो पालकांना द्या.

मार्कांवरच्या तुकड्या या सत्रातच मोडा. नावांच्या याद्या ग्रुपवर टाकणं आजपासून थांबवा, त्याला खर्च शून्य आहे. प्रत्येकाचे मार्क त्याच्या पालकाला स्वतंत्र पाठवा.

चित्रकला, संगीत आणि खेळ यांचे तास गेल्या वर्षीसारखे वेगळे करा, आणि परीक्षा जवळ आली म्हणून ते गणिताला देऊ नका. वाचनालय वाचनालयाच्या खोलीत परत न्या.

फाउंडेशन वर्ग दहावीपर्यंत बंद. पुढच्या वर्गांना ठेवायचाच असेल तर शाळा सुटल्यावर, ऐच्छिक. शाळेची वेळ पूर्ववत सातची.

शिक्षक आणि कर्मचाऱ्यांचं पहिलं प्रशिक्षण सहामाहीच्या आत घ्या. पालकांसाठीही एक सत्र ठेवा, आम्हाला त्याची गरज त्यांच्याइतकीच आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि मुलांच्या मदतीचा १०९८ हे क्रमांक प्रत्येक मजल्यावर, मुलांच्या डायरीत आणि स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. तिथे मूल एकटं असतं, कुणी बघत नाही, शांतपणे उतरवून घेता येतं. दोन्ही क्रमांक फुकट आहेत, रात्रीही चालू असतात. हे पत्र वाचणाऱ्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला आज फार जड जात असेल, तर शाळेची वाट न बघता लावावेत, आणि घरातल्या किंवा ओळखीतल्या एखाद्या मोठ्या माणसाला आजच सांगावं.

पैशांची अडचण खरी असेल तर जमाखर्च पालकांसमोर ठेवा. माजी विद्यार्थ्यांकडून काउन्सलरच्या पगाराचा वाटा उभा करायला मी आणि आणखी काही जण तयार आहोत, तसं लिहूनही देऊ. पण निर्णय आधी मागे घ्या, वर्गणीचं मग बोलू.

या मागण्यांवर पालकांची सभा बोलवा आणि पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या. ते आलं नाही तर हाच मजकूर, न्यायालयाच्या निर्देशांची प्रत जोडून, जिल्हा शिक्षण अधिकाऱ्यांकडे आणि राज्याच्या बाल अधिकार संरक्षण आयोगाकडे जाईल. ही धमकी समजू नये. पुढची पायरी कोणती ते आधी सांगून ठेवणं मला बरं वाटतं.

सभेची वेळ मात्र सकाळी अकराची ठेवू नका. मागच्या वेळी तशी ठेवली आणि नोकरी-धंद्यातले पालक येऊ शकले नाहीत, मग ‘कुणाचा विरोध नव्हता’ असं कार्यवृत्तात लिहिलं गेलं. संध्याकाळी साडेसातनंतर ठेवा. मी शटर अर्धं ओढून येईन.

आपली,
एक पालक आणि माजी विद्यार्थिनी
सुदामा नगर, इंदूर